राहिलेला अर्धा दिवस

माझा भाऊ साहिल माणगावच्या पुढे एका कंपनीत सुपरवायझर आहे, आणि बरोबर काम करणाऱ्या माणसांसाठी त्याच्याकडे शब्दांचा भरपूर साठा आहे. कंपनीच्या समारंभात माईक हाती आला की ती माणसं 'माझे सहकारी' असतात. मित्राशी फोनवर बोलताना तीच 'कलीग' होतात. साहेबांसमोर 'माझी टीम', काम बिघडलं की 'स्टाफ', आणि घरी येऊन आईसमोर फुशारकी मारायची असली की 'माझ्या हाताखालची माणसं'. माणसं तीच, मशीनही तेच. मी प्रणाली, त्याची धाकटी बहीण, म्हसळ्याला एका पतपेढीत कारकून आहे. आमच्याकडे एवढी श्रीमंती नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी 'सुर्वेबाई' म्हणते, त्या मला 'अगं ए' म्हणतात, आणि आमचं छान चाललंय.

आमच्या गावात मात्र यासाठी एक जुनाच शब्द आहे, सावड. आज तू माझ्या खाचरात लावणीला यायचं, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. जिच्या शेतात काम तिने जेवण करायचं आणि ते वाईट झालं तर वर्षभर ऐकून घ्यायचं. कोणाचा किती हात कोणावर राहिलाय हे कुठेही लिहिलेलं नसतं, पण आमच्या आईला विचारा, झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल. आईचं नाव काशी. देवाधर्माची तिथी एक वेळ चुकेल तिची, सावडीचा हात चुकायचा नाही.

या सावडीत आमची सगळ्यात जुनी जोडी म्हणजे बांधापलीकडची रहिमुन्निसाचाची आणि तिचा नवरा फकरुद्दीनचाचा. चाचा बरीच वर्षं कुवेतला होते. परत आले ते पॉवर टिलर घेऊनच. आईची आणि चाचीची एक खोड मी लहानपणापासून बघत आले आहे. लावणी संपली की दोघी बांधावर बसून हिशेब मिटवतात आणि दरवर्षी अर्धा दिवस मुद्दाम शिल्लक ठेवतात. एक साल तो आईकडून राहतो, एक साल चाचीकडून. मी एकदा वैतागून विचारलं होतं, की एवढं चोख लक्षात ठेवता, मग हा अर्धा दिवस फेडून का टाकत नाही?

"सगळं फेडलं म्हंजे पुन्ना कशाला यायचं?" आई म्हणाली. चाचीने मान हलवली आणि दोघी उठून घरी गेल्या.

आता रचनाबद्दल सांगते. ती साहिलच्याच कंपनीत, लॅबमध्ये. दोन वर्षं साहिल तिला 'एक कलीग आहे' म्हणत होता. शेवटी आईनेच एकदा विचारलं, "ही कलीग जेवली का, कलीगचा ताप उतरला का, कलीग घरी पोचली का, येवढं बाकीच्यांचं न्हाय रे विचारत तू?" तेव्हा त्याचे कान लाल झाले आणि पुढची बोलणी सुरू झाली. रचना तयार होती. तिच्या वडिलांचा, जीवनरावांचा, होकार तेवढा बाकी होता. माणगावला हायवेलगत त्यांचं पत्रे आणि पाइपांचं दुकान. माणूस कमी बोलणारा. 'एकदा तुमच्याकडे येऊन बघतो,' एवढंच ते म्हणाले होते, आणि या एका वाक्याने साहिलची झोप उडाली होती.

त्यांनी रविवार कळवला आणि त्याच रविवारी आमच्या मोठ्या खाचराची पाळी होती. साहिलने आईला दिवस बदलायला सांगितलं. आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. रोप उपटून मुठी बांधलेल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चाचीच्या शेतात जायचं, तिसऱ्या दिवशी सगुणाकाकीच्या. एक दिवस हलवायचा तर अख्ख्या गावाचा आषाढ हलवावा लागला असता. मग साहिलने वेगळा बेत केला. पाहुण्यांना घरीच बसवायचं, पोहे द्यायचे, आणि शेत लांबूनच हात करून दाखवायचं. आईबद्दल त्याने रचनाच्या घरी 'आई शेतीवर देखरेख करते' असं सांगून ठेवलं होतं. हे मला नंतर रचनाने सांगितलं. आधी कळलं असतं तर पोहे मी त्याच्या डोक्यावरच ओतले असते.

पाहुणे आले ते ठरल्या वेळेच्या बरंच आधी. जीवनराव, रचना आणि एक मोठी काळी छत्री. साहिल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अंगणात खुर्च्या मांडत होता.

"घर काय, सगळ्यांचंच असतं," जीवनराव म्हणाले. "शेत दाखवा."

शेतात आम्ही सगळ्या गुडघाभर चिखलात वाकलेल्या. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, त्यामुळे मागून कोण कोणाची आई ते ओळखणं कठीण. चाचांचा टिलर वरच्या कोपऱ्यात धडधडत होता. बांधावर तिघं येऊन उभे राहिले तेव्हा सगळ्यात जवळ रहिमुन्निसाचाची होती, हातात रोपाची मूठ.

"ही सगळी माणसं तुमची?" जीवनरावांनी विचारलं.

खरं उत्तर अगदी सोपं होतं. पण ते दिलं की पुढचा प्रश्न येणार, की मग तुमच्या आईपण यांच्या शेतात जातात का? साहिलला तोच प्रश्न नको होता. सुपरवायझरची आई उद्या दुसऱ्याच्या चिखलात वाकणार, हे माणगावच्या दुकानदाराला कळलं तर आपली किंमत उतरेल असं त्याला वाटलं. त्याने छाती पुढे काढली.

"हो, आमचे मजूर," तो म्हणाला. "दरवर्षी एवढे लागतातच."

चाचीचा हात रोपासकट थांबला. ती सरळ उभी राहिली. चिखलातून चालत बांधापाशी आली, मूठ खाली ठेवली, पाण्यात हात धुतले आणि बांधावर ऐसपैस बसली. तिच्यामागून सगुणाकाकी आली. मग शेजारची रतन, मग बाकीच्या एकेक करत सगळ्या. मीही गेले. वरच्या कोपऱ्यात चाचांनी टिलर बंद केला.

मला काय वाटलं ते सांगू? मला त्या क्षणी भावाला धक्का मारून चिखलात पाडावंसं वाटलं. बाबा गेले ते ऐन लावणीत. तेराव्यापर्यंत आई घराबाहेर पडली नव्हती, आणि बाहेर पडली तेव्हा आमचं सगळं शेत लावून झालेलं होतं. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी सांगितलंही नाही. पुढच्या वर्षी आई हात फेडायला गेली तर चाचीने तिला बांधावरून परत पाठवलं, की तो हात मोजायचा नसतो. चाची आत्ता यातलं एक अक्षर बोलणार नव्हती. म्हणून मीच सांगतेय.

चाची बोलली ते वेगळंच. "मजूर हाव ना आमी?" तिने बाजूच्या बायकांना विचारलं. "मंग मजुरासारखं ऱ्हायला पायजे. मालक, चाय कवा?"

"चाची..." साहिल म्हणाला.

"चायसंगं वडापाव असतो," सगुणाकाकी म्हणाली. "वरच्या आळीत मजुरांना असतो. गरम पायजे."

"आज रविवार हाय," रतनने आठवण करून दिली. "तुमच्या कंपनीत रविवारचं डबल असतं ना, साहिलदादा? ओव्हरटाइम?"

वरून फकरुद्दीनचाचा आले, कपाळ पुसत. "टिलर भाड्याचा हाय," त्यांनी जाहीर केलं. "डिझेल मालकाचं. आन डायवरला जेवनात मच्छी लागते."

साहिलने आशेने आईकडे बघितलं. आई अजून चिखलात एकटीच उभी होती. तिने खाचरभर पडलेल्या मुठींवरून नजर फिरवली. ते रोप आज लागलं नाही तर आमच्या मोठ्या खाचरात यंदा गवतच उगवणार होतं, आणि हे तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. मग तीही शांतपणे बाहेर आली, पदराला हात पुसले आणि चाचीच्या शेजारी जाऊन बसली.

"मी पन मजूरच," ती जीवनरावांना म्हणाली. "मालक त्यो. इस्तरीच्या शर्टातला."

जीवनरावांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. रचना साहिलकडे बघत होती, आणि लॅबमध्ये नमुना तपासताना ती अशीच बघत असणार असं मला वाटलं.

साहिल घामाघूम झाला. "चाची, तसं न्हाय गो," तो म्हणाला. "मला मदतनीस म्हणायचं होतं."

"मदतनीस अंगणवाडीत असते," चाची म्हणाली. "मी काय पोरांची खिचडी ढवळायला आलीय?"

"बरं, मग पार्टनर."

"पार्टनरचं नाव काढू नको," फकरुद्दीनचाचा गरजले. "कुवेतला माझा पार्टनर होता. सकाळी दुकान उघडलं तर आत पार्टनर पन न्हाय आन माल पन न्हाय. अल्ला त्याला सुखी ठेवो."

"साथीदार?"

"साथीदार चोराचं असतात," सगुणाकाकी म्हणाली. "पेपरात येतं ना. चोर आन त्याचं दोन साथीदार फरार."

"सोबती तरी म्हणू का?"

"सोबती म्हसळ्यापत्तूर," आई म्हणाली. "यष्टी आली की तू तुज्या वाटंनं, मी माज्या."

साहिलने शेवटचं अस्त्र काढलं. एक पाय पुढे टाकला, आवाज खाली आणला, समारंभात आणतो तसा. "हे सगळे माझे सहकारी आहेत."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "भाषन करतोय," रतन हळूच म्हणाली, आणि अख्खा बांध हसायला लागला. रचनाही हसली. तिने तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. साहिलने तिच्याकडे बघितलं आणि त्याच्याकडचे सगळे शब्द एकदम संपले.

मग वाकून त्याने बूट काढले, आत मोजे कोंबले, ते बांधावर ठेवले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. मला वाटलं, आता हा गुपचूप चिखलात उतरेल आणि विषय मिटवेल. पण तो उतरला नाही. आधी जीवनरावांकडे वळला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. यावेळी तो माईकवरचा आवाज नव्हता. "हे आमचे मजूर नाहीत. हे आज आमच्याकडे आले म्हणजे उद्या आम्ही यांच्याकडे जाणार. आई देखरेख करत नाही. उद्या ती चाचींच्या शेतात लावणी करणार, परवा सगुणाकाकींच्या. दरवर्षी करते. मला ते तुम्हाला सांगायची लाज वाटली." मग तो चाचीकडे वळला. "चाची, उद्या मी सुट्टी टाकतो. तुझ्या शेतात येतो. सावडीत माझा हात धरशील ना?"

मला भाऊ आवडतो, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. त्या वेळी फार आवडला.

चाचीने त्याच्या पायांकडे बघितलं. कंपनीच्या बुटांत राहून गोरे पडलेले पाय. "तुला लावनी येते?" तिने विचारलं.

"विसरलो थोडी."

"मंग अर्धा मानूस धरीन," चाची म्हणाली आणि उठली. तिच्याबरोबर सगळ्या उठल्या. चाचांनी टिलरला दोरी मारली.

पण त्याआधी एक गोष्ट घडली. रचनाने चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि कोणाला काही न विचारता सरळ आमच्या खाचरात उतरली. चाचीच्या शेजारी जाऊन तिने मूठ उचलली. पहिली दोन रोपं तिने इतकी तिरकी लावली की सगुणाकाकीने 'आई गं' म्हणून डोळे मिटले. तिसरं बरं लागलं.

"रचना!" जीवनराव पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "बघायला आलोय आपण. मजुरी करायला नाही."

"मजुरी न्हाय ओ," चाची वाकल्या वाकल्याच म्हणाली. "सावड हाय. तिचा हात फुकट न्हाय जायचा. तुमी परत मागून घ्या."

आईच्या चेहऱ्यावर मात्र खरीखुरी काळजी उमटली. नव्या घराचा हात अंगावर राहिला म्हणजे तिला जेवण गोड लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. "पावनं, तुमच्याकडं काय काम असतं?" तिने जीवनरावांना विचारलं. "शेत हाय?"

"शेत होतं. आता दुकानच," ते म्हणाले. "पत्रे असतात. पाइप असतात. गाडी आली की उतरवायला माणूस लागतो."

सगळ्यांच्या माना साहिलकडे वळल्या.

"पुढच्या रविवारी येतो," साहिल म्हणाला.

जीवनरावांनी मान डोलावली नाही, नकारही दिला नाही. ते छत्री उघडून बांधावर उभे राहिले आणि लावणी संपेपर्यंत उभेच होते. मधे एकदा त्यांनी फकरुद्दीनचाचांना जवळ बोलावून विचारलं, "हा टिलर सावडीत किती माणसांचा धरता?" चाचांनी सांगितलं. जीवनराव म्हणाले, "जास्त धरता." मग दोघांत त्यावरून बरीच वादावादी झाली. दुपारी ते आमच्याबरोबर बांधावरच जेवले, सुकटाची चटणी दोनदा मागून घेतली, आणि होकाराचा एक शब्दही न बोलता मुलीला घेऊन माणगावला परत गेले.

दुसऱ्या दिवशी साहिल चाचीच्या शेतात गेला. संध्याकाळी त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. चाचीने शब्द पाळला आणि त्याला अर्धाच माणूस धरला.

आणि मग तो रविवार आला. साहिल सकाळच्या पहिल्या एसटीने माणगावला गेला, जुना शर्ट घालून. आई दिवसभर काही ना काही हातात घेत होती आणि पुन्हा ठेवत होती. तांदूळ निवडले, तेच परत निवडले. दुपारी चाची आली, सहज आल्यासारखी, आणि ओटीवर बसून राहिली. ती सहज आलेली नाही हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. संध्याकाळपर्यंत तो यायचा नव्हता, म्हणून आम्ही चहा ठेवला.

चहा गाळून होतो न होतो तोच साहिल दारात उभा. शर्टाला गंज लागलेला, हाताला एक चिकटपट्टी, आणि तोंड एवढंसं झालेलं.

"एवढ्या लवकर?" मी विचारलं.

"घालवलं त्यांनी मला," तो म्हणाला आणि पायरीवर बसला. "सकाळपासून पत्रे उतरवले. एक शब्द बोलले नाहीत. एका गिऱ्हाईकाने विचारलं, शेठ, हा नवा हमाल का? तर त्यावरही काही बोलले नाहीत, नुसते हसले. मला वाटलं, बरोबर आहे, मीच मजूर मजूर केलं होतं, आता भोगा. दुपारी रचनाच्या आईने डबा पाठवला, तो दोघांनी मिळून खाल्ला. जेवल्यावर मी परत पाइपांकडे निघालो, तर म्हणाले, बास आज."

"बास म्हंजे?" आईने विचारलं.

"म्हंजे काम आवडलं नसणार, आई. गाडी अर्धी भरलेली होती अजून. मी म्हटलं, मी संध्याकाळपर्यंत थांबतो, दिवस पुरा करतो. तर नाही म्हणाले. हात धुवायला सांगितलं आणि एसटी स्टँडपर्यंत स्वतः सोडायला आले."

"आन निघताना? निघताना काय बोललं का?" चाचीने विचारलं. तिचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला होता.

"काही विशेष नाही," साहिल म्हणाला. "अर्धा दिवस राहू दे, म्हणाले."

आईच्या हातातलं सूप खाली आलं. "परत सांग," ती म्हणाली. "शब्दाला शब्द."

"अर्धा दिवस राहू दे." साहिल रडवेला झाला होता. "म्हणजे उरलेला अर्धा दिवस त्यांना नकोच आहे. त्यांना मला सरळ 'नाही' म्हणता आलं नाही, म्हणून..."

आईने चाचीकडे बघितलं. चाचीने आईकडे. पूर्वी शेत होतं असं जीवनराव म्हणाले होते, आणि टिलर सावडीत किती माणसांचा धरता हेही त्यांनी विचारलं होतं; माणसाला सावड ठाऊक होती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम.

"काशी," चाची कप खाली ठेवत म्हणाली, "गूळ काढ."

"गूळ कशाला?" साहिल म्हणाला. "अगं, त्यांनी मला परत पाठवलंय! प्रणाली, तू तरी सांग हिला. गूळ कशाला?"

मी गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला आणि रचनाला फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आधीच ती पलीकडे हसत होती.